मीटरवर २६ व्होल्ट, तरीही झोन बंद

तक्रार साधी होती. लॉनवरच्या स्प्रिंकलरच्या सहा झोनपैकी (झोन म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणारा पट्टा) तिसरा झोन चालू होत नाही आणि तेवढाच पट्टा पिवळा पडलाय. मी पोहोचेपर्यंत त्या झोनच्या व्हॉल्व्हची सोलेनॉइड कॉइल (वीज मिळाली की व्हॉल्व्ह उघडणारी) बदलून झाली होती, पाठोपाठ झोनना ठरल्या वेळी वीज देणारा कंट्रोलरही. दोन्ही नवे, झोन होता तसाच. या कामात हे नेहमीच घडतं. डोळ्यांसमोर असतं ते आधी बदललं जातं आणि मातीखालच्या तारांकडे शेवटी लक्ष जातं.

बाकीचे पाच झोन व्यवस्थित चालत होते, त्यामुळे मेन व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि रेन सेन्सर यांच्यावर संशय घ्यायचं कारण नव्हतं. रेन सेन्सर (पाऊस आला की पाणी थांबवणारा) साधारणपणे कॉमन तारेत, म्हणजे सगळ्या झोनच्या सामाईक तारेत, बसवलेला असतो; तो अडकला तर सगळेच झोन बंद पडतात.

कंट्रोलरवरून तिसरा झोन चालू केला आणि ३ नंबरचं टर्मिनल व कॉमन यांच्यामध्ये मीटर लावला. मीटर एसीवर ठेवायचा. डीसीवर ठेवून ‘व्होल्टेजच नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. आकडा आला २६. ट्रान्सफॉर्मरवर २४ लिहिलेलं असलं तरी हलक्या लोडवर थोडं जास्त दिसतंच. म्हणजे कंट्रोलर आपलं काम करत होता.

मग कंट्रोलर बंद करून झोनच्या तारा टर्मिनलमधून सोडवल्या आणि प्रत्येक तार व कॉमन यांच्यातले ओहम मोजले. पहिला ३१, दुसरा २९, चौथा ३३, पाचवा आणि सहावाही तिशीच्या आसपास. तिसरा १८४, आणि तो आकडाही स्थिर नाही, १७० ते १९० मध्ये नाचत होता. चांगली कॉइल साधारण २० ते ६० ओहम दाखवते. तार पूर्ण तुटली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही, आणि कॉइल आतून शॉर्ट झाली तर आकडा १० च्याही खाली जातो. शेकड्यात असलेला, हलणारा आकडा बहुतेक वेळा गंजलेल्या जोडाचा असतो.

तरी व्हॉल्व्ह तपासायचाच होता. व्हॉल्व्ह बॉक्समध्ये तिसरा आणि चौथा शेजारी शेजारी होते. तिसऱ्याचं सोलेनॉइड पाव आटा सैल केलं तर आठही पॉप-अप (जमिनीतून वर येणारे स्प्रिंकलर हेड) वर आले. पाण्याची वाट मोकळी होती. सोलेनॉइड पुन्हा घट्ट केलं, कॉइल जोडातून कापून एकटी मोजली. ३० ओहम. बिचारी निर्दोष होती.

खरी गंमत इथेच आहे. कॉइल सोडलेली असताना झोन चालू करून बॉक्समधल्या तारांच्या टोकांवर मोजलं तर पुन्हा २६ व्होल्ट. आधी आलेल्या माणसाने हाच आकडा पाहून कॉइल खराब ठरवली असणार. पण मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे वाटेत दीडशे ओहमचा जोड असला तरी त्याच्यावर व्होल्टेज पडत नाही. कॉइल जोडून मोजलं तर उरले ८ व्होल्ट. नुसती बारीक गुणगुण, प्लंजर (कॉइलमधला दांडा) उचलल्याचा टक आवाज नाही. कॉइल खेचायच्या क्षणी जास्त करंट मागते, आणि नेमका तोच जोड तिचा गळा आवळतो.

याच बॉक्समध्ये चौथ्या व्हॉल्व्हला तोच कॉमन जात होता आणि तो ठीक उघडत होता. म्हणून दोष कॉमनमध्ये नाही, तिसऱ्याच्या स्वतःच्या तारेत. खणायला घेण्याआधी तारेच्या वाटेवरची सगळी झाकणं उघडून पाहिली. पहिल्या-दुसऱ्या व्हॉल्व्हच्या बॉक्समध्ये, चिखलाच्या तळाशी, तार वाढवण्यासाठी मारलेली पीळ सापडली. वरून नुसती काळी इन्सुलेशन टेप. टेप सोडली तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी. टेप पाणी अडवत नाही, उलट शिरलेलं पाणी धरून ठेवते.

तार मागे मागे कापत चकचकीत तांबं लागेपर्यंत गेलो, दोन्ही बाजूंना मिळून वीतभर तार गेली. मधे नवा तुकडा घालून दोन्ही जोड ग्रीस भरलेल्या वॉटरप्रूफ कनेक्टरमध्ये बसवले आणि प्रत्येक ठिकाणी फूटभर ढिलाई ठेवली, पुढच्या दुरुस्तीसाठी. कापलेल्या कॉइलचे जोडही तसेच केले. कंट्रोलरपाशी मोजलं तर ३१ ओहम आले, झोन चालू करताच टक आवाज.

झोन उघडला. बंद मात्र होईना.

कंट्रोलरची वीज काढली तरी पाणी चालूच, म्हणजे आता भानगड विजेची नाही. ब्लीड स्क्रू (व्हॉल्व्ह हाताने उघडायचा) आणि सोलेनॉइड घट्ट होते. उरला डायफ्राम, व्हॉल्व्हमधला रबरी पडदा. त्यातल्या बारीक छिद्रातून पाणी वरच्या कप्प्यात जातं आणि तिथल्या दाबाने डायफ्राम खाली बसतो. छिद्र बुजलं की कप्पा भरत नाही आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. मेन बंद करून स्क्रू काढले, स्प्रिंग जपून ठेवली. छिद्रात वाळूचा एक कण होता. इतके दिवस निपचित पडलेल्या पाइपमधला गाळ पाण्याबरोबर हलला असणार. कण पाण्याच्या धारेने काढला. तार किंवा सुई घातली तर छिद्र मोठं होतं आणि बंद व्हायचं गणित बिघडतं. बसायची जागा बोटाने पुसली आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. शेवटच्या हेडचं नोझल काढून लाइन दोन मिनिटं धुतली. तीन नोझलखालच्या जाळ्यांत गाळ होता, त्याही साफ केल्या.

झोन बंद केल्यावर उतारावरच्या सर्वांत खालच्या हेडमधून पाणी झिरपत राहिलं. चार मिनिटांत ते थांबलं, म्हणजे पाइपमध्ये उरलेलं पाणी फक्त निथळत होतं. तासाभरानेही झिरपत असतं तर व्हॉल्व्ह पुन्हा उघडावा लागला असता. तिथे चेक व्हॉल्व्ह (झोन बंद असताना पाणी अडवणारा) असलेलं हेड बसवलं की तेही बंद होईल, पण ते त्या दिवशी सोबत नव्हतं. सहाही झोनचे ओहम कागदावर लिहून कंट्रोलरच्या झाकणाला आतून चिकटवले.