नाकाला ‘ई’ची कॅप्सूल लावू का? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, हळदीकुंकवाला, तासगावच्या एसटी स्टँडवर, सगळीकडं एकच प्रश्न. “तुमच्या नाकातली जखम ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलनं बरी झाली म्हणे. आम्ही लावू का?” दर वेळी उत्तर देते आणि दर वेळी त्यातलं सोयीचं तेवढंच पुढं जातं. म्हणून आता लिहूनच टाकते.

मी बेदाण्याच्या शेडमध्ये काम करते. शेडविषयी इथल्या माणसांना सांगायला नको. गंधकाची धुरी दिली की डोळ्यांना धारा लागतात आणि नाक आतून सोलून निघतं. गंधकाचा धूर नाकातल्या ओलाव्यात मिसळला की त्याचं आम्ल होतं. माझ्या डाव्या नाकपुडीत, मधल्या पडद्यावर अगदी पुढं खपली धरायची, ती निघाली की घोळणा फुटायचा. सासूबाई डोक्यावर पाणी थापायच्या, मान मागे करायला लावायच्या, आणि सगळं रक्त घशात उतरायचं. मिरजेच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी तेच बंद करायला सांगितलं. मान पुढं वाकवायची, नाकाचा मऊ भाग चिमटीत दाबून दहा मिनिटं सोडायचा नाही. पडद्याच्या त्या जागी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, बहुतेकांचा घोळणा तिथूनच फुटतो. त्यांनी सिल्व्हर नायट्रेटची काडी टेकवून ती जागा भाजली, मिठाच्या पाण्याचा स्प्रे दिला, मलम दिलं, आणि बोट घालायचं नाही असं दरडावून सांगितलं.

कॅप्सूल त्यांनी दिली नव्हती. ती मेडिकलमधून मीच आणली. टाचणीनं टोचायची, करंगळीच्या टोकावर एक थेंब घ्यायचा, नाकपुडीच्या आत कडेकडेनं लावायचा. तेल इतकं चिकट की बोट साबणानं दोनदा धुतलं तरी बुळबुळायचं, आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग. पण खपली मऊ पडून आपोआप सुटायची, ओढावी लागायची नाही. जखम भरली. हे खरं आहे आणि ते मी मागं घेणार नाही.

मग कशानं भरली? इथं माझं माझ्याशीच भांडण आहे. तेव्हाची मी म्हणते, मलम लावूनही खपली धरत होती, कॅप्सूल सुरू केली आणि थांबली. आताची मी म्हणते, त्याच सुमारास हंगाम संपला, धुरी बंद झाली, भाजलेली जागाही भरत आलेली होती. आणि तेल कुठलंही असो, ते ओलावा धरून ठेवतंच. 2001 साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी कोरड्या नाकाच्या रुग्णांना तिळाचं तेल आणि मिठाचं पाणी दोन्ही आलटून पालटून देऊन पाहिलं, तर आराम तेलानं जास्त पडला. सासूबाई नाकात तेल सोडायला सांगत आल्या ते अगदीच वाया नव्हतं तर. पण तिळाच्या तेलातही थोडं ‘ई’ असतंच, म्हणजे तिथंही वाद मिटत नाही.

इथवर सगळं माझ्या नाकापुरतं होतं. पुतणीचं झालं तेव्हापासून मला या प्रश्नाची धास्ती वाटते.

ती कॉलेजातून येताना स्कूटीवरून घसरली. हनुवटीला टाके पडले. टाके निघाले तेव्हा जखम छान जुळली होती, नुसती एक गुलाबी रेघ. जाऊबाईंना ती रेघही नको होती, पोरीचं लग्नाचं वय. त्यांनी रात्री कॅप्सूल फोडून चोळायला सुरुवात केली. सुरुवातीला काही नाही. मग हनुवटी खाजायला लागली. पोर म्हणत होती, आई, आग होतेय. जाऊबाई म्हणाल्या, जखम भरताना खाजतंच. त्यांनी थेंब वाढवला. एका सकाळी ती तोंड धुवायला गेली आणि न्हाणीघरातूनच ओरडली. रेघेच्या दोन्ही बाजूंना लालभडक चट्टा, त्यावर बारीक पाणीदार फोड, आणि तो चट्टा तेल ओघळलं होतं तिथपर्यंत, गळ्याच्या वळीपर्यंत उतरलेला. परीक्षा तोंडावर होती. ओढणी नाकापर्यंत गुंडाळून ती पेपरला गेली आणि येऊन भिंतीकडं तोंड करून झोपली, जेवली नाही.

सांगलीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, काय चोळलं? स्पर्शानं उठणारी ॲलर्जी म्हणाले. कॅप्सूल बंद, थोडे दिवस सौम्य स्टेरॉईडचं मलम, आणि उन्हापासून जपायचं. घरी आल्यावर जाऊबाई सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, “आम्ही तुमचंच ऐकलं.”

मी हनुवटीचं कधीच बोलले नव्हते. नाकाचं बोलले होते. नाकाच्या आतली ओली त्वचा वेगळी आणि नुकती जुळलेली जखम वेगळी. हे मी तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते. पण खरं सांगायचं तर बरं झाल्याची गोष्ट मी रंगवून सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला त्यातलं नाक लक्षात राहत नाही, कॅप्सूल राहते.

नंतर वाचलं, 1999 साली अमेरिकेत मायामीच्या डॉक्टरांनी नेमकं हेच पाहिलं होतं. त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढलेले 15 रुग्ण, प्रत्येकाच्या व्रणाच्या एका भागावर साधं मलम, दुसऱ्यावर ‘ई’ घातलेलं. दहात नऊ व्रणांना काही फरक नाही किंवा उलट वाईट, आणि तिघांत एकाला पुरळ. हे जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला का नाही उठलं? याचं उत्तर माझ्याकडं नाही.

तर लावू का? ताज्या जखमेवर, टाक्यांवर, भाजल्यावर, माझ्या नावानं तरी नको. व्रणासाठी सिलिकॉनचं जेल मिळतं, त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. नाकात लावायचंच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे दिवस लावून बघा. मग एक थेंब, कडेला, बोटानं. आडवं पडून नाकात तेल सोडू नका, ते झोपेत फुप्फुसात उतरू शकतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. 2019-20 मध्ये अमेरिकेत ई-सिगारेटची वाफ ओढून 2,800 च्या वर माणसं दवाखान्यात गेली, 68 दगावली; मुख्य संशय तिच्यात मिसळलेल्या याच ‘ई’च्या ॲसिटेटवर होता. ती तापवलेली वाफ होती, आपलं तसं नाही, मान्य. पण फुप्फुस तेलासाठी नाही एवढं त्यातून कळतं. आणि एकाच नाकपुडीतून परत परत रक्त येत असेल तर मला विचारूच नका, मिरजेला जाऊन दाखवा.

यंदा शेडमध्ये मी चांगला मास्क लावते, रात्री मिठाच्या पाण्याचा स्प्रे मारते आणि साधं व्हॅसलीन लावते. कॅप्सूलची पट्टी अजून कपाटात आहे. खपली फार कडक झाली की हात तिकडं जातो, आणि पुतणी घरात असली की मी ती काढत नाही.