अव्वांना फोन उचलता येईना

मी एका मोबाईल कंपनीच्या सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. टीम पुण्यात, मी सोलापुरात घरून काम करते. घर पूर्व भागात. खालच्या मजल्यावर अव्वा राहतात. आमच्याशी मराठी, घरात तेलुगू, आणि फोनही तेलुगूत. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. मुलगा भिवंडीला यंत्रमागावर आहे, जेवणाच्या सुट्टीत रोज आईला फोन करतो.

गेल्या उन्हाळ्यात एका बुधवारी दुपारी त्याचा फोन मला आला. "ताई, आई तीन दिवस झाले फोन उचलंना. जरा खाली जाऊन बघता का?"

जिना कसा उतरले मला आठवत नाही. अव्वा सुपाशी बसलेल्या, ठणठणीत. उलट त्याच वैतागलेल्या. "वाजतंय, पण उचलाया येईना. हिरवं बटनच नाही. कधी येतंय, कधी येत नाही. बघ की!" कोपऱ्यावरच्या दुकानदाराने डिस्प्ले गेलाय म्हणून सांगितलं होतं. अव्वांनी त्यासाठी पैसेही बाजूला काढले होते.

फोन आमच्याच कंपनीचा. सेटिंगमध्ये पाहिलं, रविवारी रात्री अपडेट झालेला. पोटात गोळा आला. त्या अपडेटच्या टेस्ट रिपोर्टवर माझं नाव होतं.

अपडेट सगळ्यांना एकदम सोडत नाहीत, टप्प्याटप्प्याने सोडतात. त्याला रोलआउट म्हणतात. आधी 1 टक्का फोनना, मग 5, मग 10. प्रत्येक टप्प्यावर थांबून क्रॅश किती, म्हणजे ॲप अचानक बंद किती वेळा पडतं, बॅटरी कशी, फोन आपोआप रीस्टार्ट होतायत का, ते बघायचं. आम्ही 10 टक्क्यांवर होतो आणि त्याच संध्याकाळी सहाला 50 वर जाणार होतो. हे आकडे दाखवणाऱ्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार. बटण स्क्रीनच्या बाहेर गेलं म्हणून ॲप क्रॅश होत नाही, त्यामुळे आकड्यांत काहीच दिसत नव्हतं. तक्रारही एक नव्हती. अव्वा कुठे लिहिणार होत्या तक्रार? त्यांनी दुकानदाराला विचारलं, तो डिस्प्ले म्हणाला, विषय संपला. आमच्या हिशेबात मात्र त्या तीन दिवस समाधानी ग्राहक होत्या. हे मला फार लागलं.

"कधी येतंय, कधी येत नाही" या बोलण्यातच धागा होता. फोन हातात चालू असताना कॉल आला, तर वर छोटी पट्टी येते आणि तिच्यावर बटण असतं. फोन लॉक असेल तर पूर्ण स्क्रीन येते. मी अव्वांना फोन लॉक करून ठेवायला सांगितला आणि समोर बसूनच कॉल लावला. नाव टपोऱ्या अक्षरांत, तीन ओळींत. आणि अगदी तळाशी हिरव्या वर्तुळाची नखाएवढी कड. अव्वा तिच्यावर अंगठा घासत होत्या. तंबाखूने तपकिरी झालेला अंगठा. स्क्रीनवर बरोबर त्याच जागी तपकिरी डाग पडला होता, तीन दिवसांच्या घासण्याचा.

वर येऊन टेस्टचा फोन काढला. अव्वांसारखीच सेटिंग केली: अक्षर सर्वांत मोठं, डिस्प्ले साइज (स्क्रीनवरच्या सगळ्याच गोष्टींचा आकार) हाही सर्वांत मोठा. मराठीत बटण जागेवर. हिंदीत जागेवर. तेलुगूत गायब. कन्नडमध्येही गायब!

कारण नंतर डेव्हलपरने शोधलं. आमचं कॉलिंग ॲप या वेळी अँड्रॉइड 15 च्या नियमांवर नेलं होतं. त्या नियमांत तेलुगू, कन्नड, तमिळ, गुजराती अशा काही लिप्यांच्या ओळींना आपोआप जास्त उंची मिळते, म्हणजे वरच्या-खालच्या खुणा कापल्या जात नाहीत. बदल चांगलाच आहे. देवनागरी त्या यादीत नाही. त्यात अँड्रॉइड 14 पासून अक्षर 200 टक्क्यांपर्यंत मोठं करता येतं. ओळी वाढल्या, बटण खाली ढकललं गेलं, आणि त्या स्क्रीनला स्क्रोल नव्हतं. भाषांची चाचणी आम्ही नेहमीच्या अक्षरात केली होती, मोठ्या अक्षराची इंग्रजीत. दोन्ही पास. अक्षराचे 7 आकार, डिस्प्लेचे 5, म्हणजे एकेका भाषेमागे 35 जोड्या. तेवढ्या कोणी हाताने करत नाही. पण सर्वांत मोठ्याची एक जोडी प्रत्येक भाषेत करायलाच हवी होती. ती मी केली नव्हती.

पुण्याला रिलीज मॅनेजरना फोन लावला. "एका फोनवरून रोलआउट थांबवायचा?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी व्हिडिओ पाठवला, टेस्टच्या फोनचा नाही, अव्वांच्या अंगठ्याचा. चार वाजून काही मिनिटांनी रोलआउट थांबला.

ज्यांच्या फोनवर अपडेट बसला होता त्यांचं काय? आताच्या बहुतेक फोनांत सिस्टमच्या दोन प्रती असतात, नवी सुरूच झाली नाही तर फोन जुनीवर परततो. ही सोय 2016 च्या अँड्रॉइड 7 पासूनची. पण इथे फोन व्यवस्थित सुरू होत होता. हाताने मागे जायचं तर डेटा पुसावा लागतो, आणि अव्वांच्या फोनमध्ये नातीच्या बारशाचे फोटो. अक्षर लहान करून दिलं, तर त्यांना नाव वाचता येईना. शेवटी माझ्या ड्रॉवरमधला वायरचा इअरफोन दिला. त्याचं बटण दाबलं की कॉल उचलला जातो, स्क्रीन लागतच नाही. डिस्प्लेचे पैसे वाचले म्हणून अव्वांनी मला मुठीत शेंगा दिल्या.

शनिवारी कॉलिंग ॲपची दुरुस्ती स्टोअरवरून आली. मी खाली जाऊन ती टाकली, फोन लॉक केला आणि कॉल लावला. बटण आलं. अव्वांनी उचलला, ठेवला, म्हणाल्या, "परत लाव." तीनदा लावायला लावला. चौथा कॉल माझा नव्हता, भिवंडीचा होता. त्यांनी सूप बाजूला सरकवलं, अंगठा लुगड्याला पुसला, बटण दाबलं आणि म्हणाल्या, "चेप्पुरा." सांग रे.