मिलर वूड्समधलं पिवळं झुडूप

आईला शिकागोत येऊन तीन आठवडे झाले होते. उंच इमारती, संग्रहालयं, नदीतली बोट, सगळ्याला ती "छान आहे गं" म्हणाली आणि पुढे चालू लागली. जुलैच्या शेवटच्या रविवारी इंडियाना ड्यून्सला, म्हणजे मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांच्या राष्ट्रीय उद्यानात, निघालो, तर ठरवलेल्या बीचचं पार्किंग सकाळी दहालाच भरलेलं. पाऊण तास रांगेत गेला. मी वैतागले होते. शेवटी गाडी गॅरी शहराच्या कडेला मिलर वूड्सकडे वळवली.

तिथे विरळ ओकची झाडं, वाळूचे उंचवटे आणि दोन उंचवट्यांच्या मध्ये उथळ तळी. वाळूत चालणं आईच्या गुडघ्यांना जड जात होतं. दुसऱ्या तळ्याशी ती थांबली, मला वाटलं दमली.

"हे काय गं?"

ओल्या वाळूत मांडीपर्यंत येईल एवढं झुडूप, अरुंद निळसर हिरवी पानं, रुपयाएवढी पिवळीधमक फुलं. पाच पाकळ्या, पण पुंकेसरांचा झुबका इतका दाट की नजर आधी तिथेच जाते. मला तर नुसती कासची सोनकी आठवली. आई मात्र साताऱ्याला शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवत होती. तिने फांदी न मोडता अलगद वाकवली आणि पान उन्हासमोर धरलं.

"इकडे ये, उजेडातून बघ."

टाचणीने टोचावेत तसे बारीक पारदर्शक ठिपके पानभर. तैलग्रंथी, ती म्हणाली. मग चष्मा कपाळावर सरकवून फुलाच्या मधले कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचे बारीक दांडे, मोजले: एक, दोन, तीन, चार, पाच. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिचा वर्गातला आवाज ऐकला.

नाव फोनवर सापडलं: काल्म्स सेंट जॉन्स वर्ट. पेर काल्म हा वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसचा विद्यार्थी, १७४८ ते १७५१ उत्तर अमेरिकेत वनस्पती गोळा करत हिंडला. लिनियसने १७५३ साली या झुडपाला त्याचं नाव दिलं, हायपेरिकम काल्मियानम. रानात ते जवळजवळ फक्त इथल्या महासरोवरांच्या परिसरातच उगवतं.

"म्हणजे हे अगदी इथलंच," आई म्हणाली आणि काठावरच्या ओंडक्यावर बसली.

हे टिकलं कसं याचं मला राहून राहून नवल वाटतं. गॅरी शहरच १९०६ साली पोलाद कारखान्यासाठी वसवलेलं. पलीकडे मिशिगन सिटीत हूझियर स्लाइड नावाची जवळपास दोनशे फुटी वाळूची टेकडी होती. काचेच्या बरण्या करायला ती फावड्याफावड्याने उचलून नेली. आज ती जागा सपाट आहे. सिनेटर पॉल डग्लस आणि इथले लोक वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा १९६६ साली उरलेल्या किनाऱ्याला संरक्षण मिळालं. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा तर २०१९चा.

बरण्यांचं ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कृष्णाकाठची वाळू अशीच गेली. मुलांना नदीवर न्यायचे, तिथे नुसते खड्डे राहिले."

एक गुबगुबीत भुंगा पुंकेसरांत लोळून पिवळा होऊन उडाला. या फुलांत मध नसतो, तो परागासाठीच येतो. पायवाट पुढे थेट मिशिगन सरोवरापर्यंत जाते. आम्ही गेलो नाही, तासभर तिथेच बसलो.

गाडीत बसण्याआधी आईने दोन्ही बूट काढले आणि वाळू पायवाटेच्या कडेला नीट झाडली. मीही माझे झाडले.