पेवातला सीन बसला... जवळजवळ

माझ्या पटकथेतला, सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवाचा (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्याचा) सीन एकदाचा कागदावर बसला! पम्या हळद काढायला खाली, तात्या तोंडाशी. तात्यांना दिसतो फक्त कंदील, पम्याला फक्त आभाळाचा गोल तुकडा. घोळ तोच, मागच्या नोंदीतला: प्रत्येक नजरेला नवी स्लगलाइन (सीनच्या डोक्यावरची जागा-वेळेची ओळ) द्यायची का?

दिली तर कटागणिक सीन नंबर पडतो, ब्रेकडाउन (शूटिंगसाठी सीनवार यादी) काढणारा असिस्टंट डिरेक्टर बोंबलतो आणि वाचणाराही ‘आत. पेव – दिवस’ वाचून कावतो. इंटरकट (दोन जागा आलटून-पालटून दाखवा, अशी एकच सूचना) टाकून पाहिलं. फोनवरच्या बोलण्याला ते झकास. पण इथे सगळा ताण कुणाला काय दिसत नाही यावर आहे, आणि इंटरकटमध्ये नेमका तोच विरघळतो.

शेवटी दोन पूर्ण स्लगलाइन एकेकदाच दिल्या. त्या हव्यातच: २००५च्या पुरात बरीच पेवं गेली, त्यामुळे तोंड हरिपुरात आणि तळ सेटवर असंच शूट होणार. पुढे नुसतं ‘वर’ आणि ‘खाली’, ठळक, बिननंबरी. पीओव्ही (पात्राच्या नजरेतला शॉट) एकदाच, कंदिलाची ज्योत बारीक होते तेव्हा: ‘तात्यांच्या नजरेतून’. त्यानंतर ‘पुन्हा पेवाच्या तोंडाशी’. ही परतीची ओळ गाळणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ती नसेल तर पुढचं अख्खं पान तात्यांच्या डोळ्यांतूनच चाललंय असं वाटतं.

फाउंटनवाल्यांनो (फाउंटन म्हणजे साध्या मजकुरात खुणा टाकून पटकथा लिहायची पद्धत), देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे फाउंटनला आपली पात्रं ओळखू येत नाहीत. नावाआधी @, स्लगलाइनआधी टिंब, ‘कट टू’आधी >. ‘वर’ला टिंब दिलं की तो नवा सीन धरतो, तिथे ठळक करायला दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्याच (**) द्या. बीट या पटकथेच्या ॲपमध्ये हे सुरळीत चालतं, फुकटात (ॲपलचा मॅक लागतो, हे दुखणं आहेच). वर्डच्या टेम्प्लेटला मी आता हात लावणार नाही. आणि पानाला एक मिनिट हा हिशेब विसरा. तो १२ पॉइंट कुरिअरचा, आपल्या अक्षरांना लागू पडत नाही.

थांबा, लिहिता लिहिता सुचलं. कॅमेरा वर न्यायचाच कशाला? तात्यांचा नुसता आवाज ठेवू. ओ. एस. (ऑफ-स्क्रीन), व्ही. ओ. (व्हॉइस-ओव्हर) नव्हे, माणूस तिथेच आहे, चौकटीबाहेर. एक स्लगलाइन गेली, वर-खाली गेलं. ज्योत विझत चाललेली पम्याला दिसतेय आणि वरून तात्या विचारतायत, ‘किती पोती भरली रं?’

पण मग आभाळाचा गोल पम्याच्या पीओव्हीत घ्यावा लागणार, आणि त्यात तात्यांचं मुंडासं डोकावलं की ओ. एस. गेलाच. कुणी हा तिढा सोडवला असेल तर सांगा, तोवर मी दोन्ही ड्राफ्ट ठेवतोय.