सिनगॅस उत्तम, मग हवेत सीओटू कुठून?

आमच्या पायलट प्लँटवर नॅचरल गॅसपासून, म्हणजे मुख्यतः मिथेनपासून, सिनगॅस (हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं मिश्रण) करतात. पद्धत केमिकल लूपिंगची : धातूच्या ऑक्साइडचे कण दोन रिॲक्टरांत फिरत राहतात, एअर रिॲक्टरमध्ये हवेतला ऑक्सिजन घेतात आणि फ्युएल रिॲक्टरमध्ये तो मिथेनला देतात. त्या दिवशी फ्युएल रिॲक्टर अगदी सुरळीत होता. तापमान 900 अंश, बाहेर येणाऱ्या गॅसमध्ये हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोनास एक, किंबहुना किंचित वरच. बैठकीत तेवढाच आकडा विचारतात, त्यामुळे वरचे खूश. घोटाळा शेजारच्या एअर रिॲक्टरमध्ये होता. तिथून ऑक्सिजन कमी झालेली हवा तेवढी यायला हवी; ॲनालायझरवर सीओटू चढत होता.

शिफ्टचा निकाल तयार : लूप सीलमधून, म्हणजे दोन रिॲक्टरांमधल्या, कण जाऊ देणाऱ्या पण गॅस अडवणाऱ्या जोडातून, गॅस गळतोय. काहीही बिघडलं की खापर लूप सीलवर! गॅस अडवायला त्यात सोडतात तो नायट्रोजन वाढवला, फरक शून्य.

मग नॅचरल गॅस बंद करून त्या जागी नायट्रोजन सोडला, कणांचं फिरणं तसंच चालू ठेवलं. गळती असती तर सीओटू काही सेकंदांत पडला असता. तो मिनिटं घेत, रेंगाळत उतरला. म्हणजे कार्बन कणांवर बसून पलीकडे जात होता आणि तिथल्या हवेत जळत होता. ते ‘किंचित वर’ही त्याचंच : मिथेन फुटून कार्बन मागे राहिला की हायड्रोजन जास्त दिसतो.

आमचे कण ॲल्युमिनावर बसवलेल्या निकेल ऑक्साइडचे, 100 ते 200 मायक्रॉनचे. एक मोल मिथेनला एक मोल, म्हणजे 75 ग्रॅम निकेल ऑक्साइड पुरतं, हे कागदावर. ही क्रिया सुमारे 200 किलोज्यूल उष्णता खाते आणि ती याच कणांनी एअर रिॲक्टरमधून आणायची असते, म्हणून ऑक्साइड थोडं जास्तच फिरवावं लागतं. फार फिरवलं तर सिनगॅसच जळून सीओटू आणि पाणी. कमी पडलं तर ऑक्सिजन संपलेलं धातुरूप निकेल मिथेन फोडत बसतं.

इथे कमी पडलं होतं. राइजरच्या (कण वर नेणाऱ्या उभ्या नळीच्या) वरच्या भागातला डीपी, म्हणजे दाबातला फरक, कितीतरी वेळ घसरत होता, म्हणजे फिरणारे कण कमी होत होते; तो ट्रेंड कुणी उघडलाच नव्हता. झिजलेल्या कणांची करडी पूड गॅसमधून कण वेगळे करणाऱ्या सायक्लोनला चकवून बॅग फिल्टरमध्ये साठली होती. मिथेन आणि धातूच्या ऑक्साइडची गाठ लुईस, गिलीलँड आणि रीड यांनी 1949 मध्येच फ्लूइडाइज्ड बेडमध्ये (वायूच्या झोतावर तरंगत्या कणांच्या थरात) घातली होती, तीही कॉपर ऑक्साइडशी. रसायन जुनंच आहे. मार खातो तो कण हाताळण्यात.

ताजे कण भरले, गॅससोबत सुमारे 30 टक्के वाफ सोडली. सीओटू खाली आला. पण वाफेमुळे हायड्रोजनचं प्रमाण खरोखरच दोनाच्या वर जातं आणि सिनगॅसपासून द्रव इंधन करणाऱ्या फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेला ते दोनाच्या आसपास हवं. शिवाय वाफेला उष्णता लागते, उष्णतेसाठी कण जास्त फिरवायचे, आणि जास्त फिरवले की झीज पुन्हा वाढणार.