उकळलेली चिंधी

आमचे अण्णा जुन्या गिरणीत होते. घरात चिंध्यांना तोटा नव्हता. आई त्या सोडा टाकून उकळायची आणि पत्र्यावर सोलापूरच्या उन्हात कडक वाळवायची. मागाचा धोटा उडून अण्णांच्या हाताला लागला की त्यातलीच एक बांधायची.

पुढे मी नर्स झाले. तीस वर्षं ड्रेसिंग केलं. त्यामुळे 1861 ते 1865 च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धाबद्दल वाचताना माझं लक्ष लढायांवर राहिलंच नाही. दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस उत्तरेने केलेल्या नाकेबंदीत अडकला आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, एवढं ऐकून होते. त्याच नाकेबंदीने जखमांचं काय केलं, ते आता कळलं.

त्या युद्धातली मिनिए ही बंदुकीची गोळी मऊ शिशाची. हाडाला लागली की हाडाचा चुराच. मग हात किंवा पाय कापणं आलं. जिवंत माणसाला शुद्धीवर ठेवून कापत असतील असं मला वाटायचं, पण बहुतेकांना क्लोरोफॉर्म किंवा ईथर दिलेलं असे. घात व्हायचा तो नंतर. एकाची जखम पुसलेला स्पंज बादलीतल्या लाल पाण्यात पिळायचा आणि त्यानेच पुढच्याची पुसायची. जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जनचे जंतुनाशक उपचारांवरचे लेख 1867 मध्ये आले, तोवर युद्ध संपून दोन वर्षं झाली होती.

नाकेबंदीमुळे दक्षिणेच्या डॉक्टरांकडे स्पंज पुरत नव्हते, टाके घालायला रेशीम मिळत नव्हतं. मग त्यांनी सुती चिंध्या धरल्या, त्या धुऊन उकळून घेतल्या. टाक्यांसाठी घोड्याचा केस घेतला. तो ताठ असतो म्हणून आधी उकळून मऊ करायचे. उकळल्याने जंतू मरतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ आईचा विचार करत बसले.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकाच बाउलमधल्या सलाईनने दोन खाटांची ड्रेसिंग केली. घाई होती. इन्चार्ज सिस्टरांनी बाउल माझ्या हातातून घेऊन सिंकमध्ये ओतला, एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी दुसऱ्या खाटेवरच्या काकांच्या पायात पू झाला. साखरेचा पेशंट. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, कारण त्यांना माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.

आणि ड्रेसिंग होण्यासाठी माणूस आधी आपल्यापर्यंत पोहोचावा लागतो. ऑगस्ट 1862 मध्ये बुल रनच्या दुसऱ्या लढाईत जखमी कित्येक दिवस रानात पडून होते. त्याच सुमारास उत्तरेच्या सैन्यातल्या जोनाथन लेटरमन या डॉक्टरने जखमींच्या गाड्या आणि स्ट्रेचरवाले वैद्यकीय खात्याच्या ताब्यात घेतले. 17 सप्टेंबरला अँटिएटमच्या लढाईत एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून बावीस हजारांवर सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, तरी त्याच्या सैन्याचे जवळजवळ सगळे जखमी चोवीस तासांत उचलले गेले. मला तो माणूस फार मोठा वाटतो.

माझी भाची यंदा नर्सिंगला लागली. रविवारी आली तेव्हा तिला गॉजची घडी शिकवली. कडा आत, म्हणजे सुटा धागा जखमेत राहत नाही. घड्या घालता घालता तिला हे सगळं सांगितलं.

"मावशी, घोड्याचा केस किती वेळ उकळत असतील गं?"

"मऊ होईपर्यंत."

तिने माझ्याकडे पाहिलं, केलेली एक घडी उलगडली आणि कडा आत घेऊन परत घातली.