पिवळ्या पुस्तिकेसाठी तीन फेऱ्या, मग सालेन्तोमधले नऊ दिवस

परत येताना मुंबई विमानतळावर आरोग्य तपासणीच्या टेबलावरच्या माणसाने माझी पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीची पिवळी पुस्तिका उघडली, शिक्का पाहिला आणि मिटून परत दिली. दहा सेकंदही लागले नसतील. त्यासाठी मी कोल्हापूरहून तीन वेळा एसटीने दुसऱ्या शहरात गेले होते, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

कोलंबिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. तिथून भारतात येताना लसीचा दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस कुठल्याही खासगी दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. दाखला लागू होतो टोचल्यानंतर दहा दिवसांनी. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, हे बरं.

विमानाला चोवीस दिवस होते. केंद्राचा फोन दोन दिवस लावला, कुणी उचलला नाही. म्हणून पहाटेची गाडी धरली. खिडकीवर सांगितलं, लस ठरलेल्या वारीच देतात, आज नाही. शिवाय पासपोर्ट मूळच हवा. मी झेरॉक्स घेऊन गेले होते. दुसऱ्या वेळी वार बरोबर, पासपोर्ट बरोबर, पण नाव आधी नोंदवलेलं नव्हतं आणि त्या दिवसाचे डोस संपले होते. पहिल्या फेरीत मी त्याच खिडकीशी उभी होते, तेव्हा नावनोंदणीचं कुणी सांगितलं नाही! रांगेतल्या एका काकांनी समजावलं, की एका कुपीत अनेक डोस असतात, कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून एकाच दिवशी टोचतात. कारण पटलं. पण हेच दारावर कागदावर लिहून चिकटवायला किती वेळ लागतो? माझ्यामागे एक आजी होत्या, मुलाकडे निघालेल्या. त्याही तशाच परत गेल्या.

तिसऱ्या वेळी पावणेसातला दारात होते. दुपारी सुई, अर्धा तास बसवून ठेवलं, मग शिक्का. विमानाला अकरा दिवस उरले होते. एसटीत बसल्यावर रडू आलं.

म्हणून सांगते, तिकीट काढायच्या आधी लस घ्या. पुस्तिकेतला पासपोर्ट क्रमांक तिथेच तपासून घ्या.

अमेरिकेचा व्हिसा होताच, त्यामुळे कोलंबियाचा वेगळा लागला नाही. चेक-मिग नावाचा त्यांचा ऑनलाइन फॉर्म मात्र प्रवासाआधीच्या ७२ तासांत भरायचा असतो.

कोलंबियातल्या आर्मेनिया शहराहून बसने तासाभरात सालेन्तो हे छोटं गाव. मी आणि मैत्रीण तीन दिवस राहायचं ठरवून गेलो आणि नऊ राहिलो. रंगीत दारांची घरं, मधला चौक, दुपारी बहुतेक रोज पाऊस. हॉस्टेलच्या ओसरीत झोळीत पडून तो बघायचा, एवढंच काम. चौकातून सकाळी जुन्या विलीज जीपा कोकोरा खोऱ्यात जातात. मागच्या फळीवर उभं राहून जायलाही लोक तयार असतात. तिथले मेणाचे ताड (खोडावर मेणाचा थर असलेले) साठ मीटरपर्यंत वाढतात, जगातले सगळ्यात उंच. १९८५ पासून हा ताड कोलंबियाचा राष्ट्रीय वृक्ष आहे. पण कुरणातले ताड सगळे म्हातारे दिसले. रोपं गुरं खातात, नवी वाढतच नाहीत. ते कळल्यावर मी फोटो काढायची थांबले.

गमबूट भाड्याने मिळतात, घ्याच. आमच्या चप्पल-बुटांचं खोऱ्याच्या चिखलात काही खरं नव्हतं.

वर रानातल्या अकाइमे नावाच्या ठिकाणच्या घरी हमिंगबर्ड बघत गरम आग्वापानेला प्यायलो. आग्वा म्हणजे पाणी, पानेला म्हणजे चक्क उसाचा गूळ. पहिल्या घोटाला घरच्या गुऱ्हाळाचा वास आला, आणि मैत्रिणीला मी आमच्याकडचा गूळ कसा करतात ते तासभर सांगत बसले.

आणि हे राहिलंच: अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या पुढे असेल तर लसीआधी डॉक्टरांशी बोला. मला त्या रात्री थोडी कणकण आली, सकाळी गेली. पुस्तिका हातातल्या बॅगेतच ठेवा, मोठ्या सामानात टाकू नका.